मुलांची मोबाईलवरची दुकानदारी आणि आपली हळद



मागच्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातले एक हळद उत्पादक शेतकरी माझ्या कचेरीत आले. त्यांची मुलगी शेतकी कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे. खिशातून हळदीच्या पुडीचे एक पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, चार वर्षं फी भरली, खोलीभाडं भरलं, खाणावळ भरली. आणि आता पोरगी म्हणते, बाबा, एक पोतं हळकुंडं द्या, वर पाच हजार रुपये द्या, मोबाईलवर दुकान काढायचंय. ही बीएस्सी म्हणायची का फेरीवाल्याचा धंदा?"

त्यांचा राग खोटा नव्हता. पण मुलगीही काही गैर सांगत नव्हती. उभ्याउभ्या दोन वाक्यांत देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. शिवाय हाच प्रश्न अनेक घरांत आज आहे, म्हणून हे पत्रक.

हे शिक्षण आले कुठून

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे. त्यांच्या कॉलेजांतली मुले चौथ्या वर्षी गावात येऊन राहतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात ती हीच मुले. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करतात, गावचा नकाशा रांगोळीने काढतात, माती परीक्षणाचे नमुने घेतात. याच वर्षात त्यांना आणखी एक काम असते. आठ-दहा जणांचा गट करायचा, एक धंदा निवडायचा आणि तो खराखुरा चालवून दाखवायचा. कोणी अळिंबी पिकवते, कोणी रोपवाटिका लावते, कोणी फळांचा जॅम करते, कोणी गांडूळखत. माल तयार करायचा, विकायचा, नोंदवही ठेवायची. मार्क देताना उत्पादन, विक्री, नफा आणि नोंदी हे सगळे पाहतात. नफा झाला तर त्यातला वाटा मुलांना मिळतो. २५ जुलै २०१५ रोजी पाटण्याला पंतप्रधानांच्या हस्ते 'स्टुडंट रेडी' ही योजना सुरू झाली, तेव्हापासून गावातला मुक्काम आणि हा धंद्याचा अनुभव एकाच नावाखाली आले.

ही पद्धत केवळ आपलीच नाही. अमेरिकेत बोस्टन शहराजवळ बॅबसन नावाचे कॉलेज आहे. तिथे पहिल्याच वर्षी मुलांचे गट पाडून कॉलेज त्यांना धंद्यासाठी कर्ज देते. वर्षअखेर धंदा आवरायचा, कर्ज फेडायचे आणि उरलेला नफा समाजकार्याला द्यायचा, असा नियम. पोहायला शिकवायचे तर विहिरीत उतरवावे लागते, काठावर बसून हातवारे करून भागत नाही, एवढाच त्यातला विचार.

पूर्वी ही मुले कॉलेजच्या फाटकाशी टेबल मांडून माल विकत. आता टेबलाची जागा मोबाईलने घेतली. २०१६ साली यूपीआय आले आणि पाच रुपयेसुद्धा फोनवरून घेता येऊ लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, म्हणजे शेतकऱ्याने तो बाहेर थेट विकायला आडकाठी राहिली नाही. पुढे २०२० च्या टाळेबंदीत शहरातल्या सोसायट्यांनी व्हॉट्सॲपवर यादी पाठवून शेतकऱ्याकडून टेंपोने भाजी मागवली. तेव्हा भल्याभल्यांना कळले की गिऱ्हाईक फोनवरही मिळते.

एका पाकिटाचा हिशोब

गिऱ्हाईक मिळते हे खरे, पण पैसे उरतात का? मुलांचा खरा अभ्यास इथे सुरू होतो. आपणही तो त्यांच्याबरोबर करावा, म्हणून इथे जरा थांबतो. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून सोपे धरले आहेत. आपल्या भागातला भाव घालून हाच हिशोब वहीत पुन्हा मांडावा.

समजा, सुकी पॉलिश केलेली हळकुंडे १५० रुपये किलो. अर्धा किलो पुडीला दळणातली घट धरून ८० रुपयांची हळद लागली. दळणावळ १० रुपये. पाकीट आणि त्यावरचे लेबल १२ रुपये. इथवर झाले १०२ रुपये. मग खोके आणि चिकटपट्टी १० रुपये, कुरिअर ६० रुपये. एकूण १७२. विकले २०० रुपयांना. राहिले २८ रुपये.

आता दहा गिऱ्हाइकांनी माल मागवला आणि सगळ्यांनी 'माल हातात आल्यावर पैसे देतो' असे सांगितले असे धरा. नऊ जणांनी घेतला. दहाव्याच्या दाराला कुलूप होते. ते पाकीट परत आले. जायचे ६० रुपये गेले, यायचे समजा ५० रुपये गेले, खोके १० रुपयांचे फाटले. म्हणजे १२० रुपयांचा खड्डा. नऊ जणांकडून मिळालेल्या २५२ रुपयांतून हे १२० वजा जाता उरले १३२. दर पाकिटामागे १३ रुपये सुटले, आणि त्यात पाकिटे भरण्याची मजुरी धरलेलीच नाही. मोबाईलवर जाहिरात द्यायला दर गिऱ्हाइकामागे २० रुपये घातले असते, तर घरचे पैसे घालून शहराला हळद खाऊ घातली असे झाले असते.

हाच माल एका बाईंनी शेजारणींसाठी मिळून दोन किलो मागवला तर? चार पाकिटांचे ४०८ रुपये, खोके १५ रुपये, कुरिअर समजा ११० रुपये. झाले ५३३. विक्री ८०० रुपये. उरले २६७, म्हणजे पाकिटामागे जवळजवळ ६७ रुपये. माल तोच, भाव तोच. मुलांना हे वर्गातल्या फळ्यावर सांगितले असते तर त्यांनी परीक्षेपुरते पाठ केले असते. खिशातले पाचशे रुपये गेल्यावर कोणी विसरत नाही.

खोक्याचेही एक गणित आहे, ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. कुरिअरवाले फक्त वजन बघत नाहीत, खोके किती जागा अडवते तेही बघतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्ही गुणतात आणि बहुधा ५००० ने भागतात. येईल ते 'वजन' धरतात. ते काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त भरले तर पैसे त्याचे लावतात. ३० बाय २० बाय १६ चे खोके दोन किलोच्या आत बसते. तीच हळद घरात पडलेल्या ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात घातली तर ४.८ किलोचा दर लागेल. पापड, कुरडया, लाह्या पाठवणाऱ्या बचत गटांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांचा माल फुलासारखा हलका आणि खोके मात्र पेटाऱ्याएवढे असते.

फिकट हळदीची तक्रार

वरच्या शेतकऱ्यांच्या मुलीच्या गटाला पहिल्या महिन्यात दोन तक्रारी आल्या. पहिली, पुडीत गुठळ्या झाल्या. चूक मुलांचीच होती. चक्कीतून निघालेली गरम पूड घाईने पाकिटात भरून तोंड बंद केले, आत वाफ धरली. पूड स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, हे कुठल्याही मसाला कांडप करणाऱ्या मावशींनी सांगितले असते. मुलांनी विचारले नव्हते. ती पाकिटे त्यांनी बदलून दिली, पदरमोड करून.

दुसरी तक्रार मला जास्त मोलाची वाटते. पुण्याच्या एका बाईंनी लिहिले, "तुमची हळद फिकी आहे. दुकानातली कशी पिवळीधमक असते." इथे मुलांचे चार वर्षांचे शिक्षण कामी आले. हळद भडक दिसावी म्हणून तिच्यात मेटॅनिल यलो नावाचा रंग किंवा शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात, आणि दोन्ही आरोग्याला घातक आहेत. मुलांनी बाईंना वाद न घालता एक साधी परीक्षा कळवली. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकावी, ढवळू नये. चांगली हळद हळूहळू तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. रंग मिसळलेली असेल तर पाणी लगेच गडद पिवळे होते. मुलांनी आपल्या हळदीची ही परीक्षा मोबाईलवर चित्रित करून पाठवली. बाईंनी घरातल्या दोन्ही पुड्या लावून पाहिल्या. पुढच्या खेपेला त्यांनी तीन किलो मागवली.

मी त्या वडिलांना हेच सांगितले. पुडी विकणे सोपे आहे, ती फेरीवालाही विकतो. पण पुडी फिकी का, कुठल्या जातीची, किती वाळलेली, हे सांगून विकायला शेतीचे शिक्षण लागते. बीएस्सी वाया गेली नाही.

घरचा माल फुकट नाही

आता मुलांची बाजू घेऊन झाली. पण त्यांच्या वह्या तपासताना एक खोट मला वारंवार दिसते. हळद घरची, म्हणून वहीत तिची किंमत शून्य! दळण काकांच्या चक्कीवर, तेही शून्य. मग नफा केवढा दिसतो! कॉलेजात शाबासकी मिळते आणि मुलाला वाटते, आपण धंद्यात पास झालो. खरे म्हणजे बापाची हळद विकून बापाचेच पैसे त्याने नफा म्हणून दाखवलेले असतात.

म्हणून मुलाने माल मागितला तर द्यावा, पण त्या दिवशीच्या बाजारभावाने वहीत लिहून द्यावा. रोख दिली तर तीही उसनी म्हणून लिहावी. पोते देऊ नये. दहा-वीस किलो पुरे. ते विकून पैसे आले की पुढचे द्यावे. पोराशी व्यवहार कसा करायचा, असा संकोच वाटेल. वाटू द्या. व्यापाऱ्याकडून पट्टी मागून घेताना आपण संकोच करत नाही.

मुले जातात, गिऱ्हाईकही जाते

या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ती मी पाहिली आहे, म्हणून तळमळीने लिहितो.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात कृषिदूतांनी एका महिला बचत गटाची हळद आणि मसाला चांगला विकून दिला. फोटो काढले, मोबाईलवर पान उघडले, चार महिन्यांत मुंबई-पुण्याची दीडशेच्या वर गिऱ्हाइके जोडली. बायकांनी हौसेने हजार पाकिटे छापून घेतली. पुढे परीक्षा झाली आणि मुले आपापल्या गावी गेली. पाकिटावर छापलेला नंबर त्यातल्याच एका मुलाचा होता. गिऱ्हाईक फोन करी, तो लागे त्याला. तो बिचारा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला. दोन महिने त्याने उत्तरे दिली, नंतर फोनच घेईना. पानाचा पासवर्ड दुसऱ्या मुलाकडे, तो नोकरीला लागून परराज्यात गेलेला. गटाकडे उरले काय? छापील पाकिटांचा गठ्ठा. हळद तीच होती, बायका त्याच होत्या, आणि दारात आलेले गिऱ्हाईक परत गेले. यात मुलांची दानत वाईट नव्हती. त्यांचा अभ्यासक्रम संपला होता. गावाचा धंदा मात्र संपायला नको होता. याचा विचार आधी करायला हवा होता, आणि खरे सांगायचे तर तो मीही केला नव्हता.

तेव्हा गावात मुले आली आणि विक्रीची भाषा करू लागली, तर पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. धंद्यासाठी नवे सिमकार्ड घ्यावे, ते गटातल्या किंवा घरातल्या माणसाच्या नावावर. पाकिटावर तोच नंबर छापावा. पैसे गटाच्या किंवा शेतकऱ्याच्या खात्यातच यावेत, मुलांच्या नव्हे. मोबाईलवरच्या पानाचा पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ती वही कपाटात ठेवावी. आणि गिऱ्हाइकांची एक साधी कागदी नोंदवही करावी. नाव, पत्ता, काय घेतले, कधी घेतले, तक्रार काय केली. किराणा दुकानदाराची उधारीची वही असते तशी. मोबाईल बिघडतो, हरवतो, पण वही राहते. मुले जाण्याआधी शेवटचा महिना गावातल्याच एखाद्या दहावी-बारावी झालेल्या मुलीने किंवा सुनेने त्यांच्या शेजारी बसून सगळे काम स्वतःच्या हाताने करावे. नुसते बघून चालणार नाही.

कागदपत्रांविषयी

शेतकऱ्याने शेतावरचा स्वतःचा कच्चा माल विकला तर अन्न सुरक्षा कायद्याची अडचण येत नाही. पण त्याची पूड, लोणचे, पापड केले की नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याखेरीज मालाचे नाव, निव्वळ वजन, कमाल किंमत, कधी तयार केला, कोणी केला त्याचे नाव-पत्ता आणि तक्रार कुठे करायची हे पाकिटावर असलेच पाहिजे.

नावाचीही काळजी घ्यावी. सांगलीच्या हळदीला आणि कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वायगावच्या हळदीला २०१६ साली. हे नाव आणि त्याचे चिन्ह पाकिटावर लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. गावाचे नाव आहे, लावले तर काय झाले, असे करू नये. नोंदणी एकदा करून घ्यावी, ती मुलांनाही शिकण्यासारखी आहे. अर्ज भरायला त्यांचीच मदत घ्यावी.

आणि फसवणूक. "मी लष्करात आहे, कँटीनसाठी पन्नास किलो हळद पाहिजे, आगाऊ पैसे पाठवतो, हा चौकोनी कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असा फोन आला तर ठेवून द्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. चुकून गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जेवढा उशीर, तेवढी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

नाशवंत मालाची घाई नको

हळद, बेदाणा, गूळ, डाळी असा टिकाऊ माल शिकाऊ हाताला बरा. आंबा, द्राक्षे, अंजीर यांनी सुरुवात करू नये. आंब्याची पेटी शनिवारी कुरिअरला दिली आणि रविवार, सोमवार ती गोदामात पडली, तर गिऱ्हाइकाच्या हातात काय पडेल ते सांगायला नको. आंबा पाठवायचाच असेल तर तयार झालेला नव्हे, कडक असतानाच, पेंढ्यात, भोके पाडलेल्या खोक्यात आणि आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावा. पिकेपर्यंत कसा ठेवायचा याची चिठ्ठी आत घालावी.

शिक्षण संपल्यावर हाच धंदा पुढे न्यायचा असेल, तर कृषी पदवीधरांसाठी २००२ सालापासून केंद्र सरकारची 'ॲग्री क्लिनिक' योजना आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि बँकेच्या कर्जाला जोड मिळते. पण त्या कर्जाकडे जाण्याआधी वर्षभराची खरी वही हातात असावी. बँकेचा साहेबही तीच मागतो.

राहिले ते शेतकरी. त्यांनी मुलीला पोते दिले नाही, वीस किलो हळकुंडे दिली, बाजारभावाने लिहून. पाच हजारांऐवजी दोन हजार दिले. मुलीने घरातली जुनी खोकी टाकून दिली, मापाची आणली, आणि सुट्या पाकिटांना कुरिअर खर्च वेगळा लावला. परवा भेटले तेव्हा त्यांना बाकी विचारली. म्हणाले, "हळदीचे पैसे फिटले. रोखीतले सहाशे अजून यायचेत. मागितले तर म्हणते, बाबा, दिवाळीला माल भरायचाय, तेवढी मुदत द्या." असे म्हणाले आणि हसले.

हिशोबाचा कोरा तक्ता हवा असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवावे. आपल्या मालाचे नाव आणि गाव त्यात जरूर लिहावे, म्हणजे तक्ता त्याप्रमाणे भरून पाठवता येईल.